माहलर यांचे रक्त : ब्लड कल्चरच्या जन्माची कथा

थ्रेड | १/२८
न्यूयॉर्क, २१ फेब्रुवारी १९११. कार्नेगी हॉलमध्ये संगीतकार गुस्ताव माहलर अंगात ताप असतानाच वाद्यवृंदाचे संचालन करण्यासाठी उभे राहिले. वय अवघे पन्नास. त्या रात्रीनंतर ते पुन्हा कधीही मंचावर आले नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांच्या हाताच्या शिरेतून रक्त काढण्यात आले. त्या रक्ताने दिलेला निकाल फिरवण्याचे सामर्थ्य तेव्हा जगातील कोणत्याही डॉक्टरकडे नव्हते.

२/२८
उतरत नसलेला ताप आणि कारण सापडत नाही, अशा वेळी आज रुग्णालयात 'ब्लड कल्चर' पाठवले जाते. रक्तात जिवाणू शिरले आहेत का, शिरले असल्यास कोणते, हे त्यातून कळते. ही तपासणी कशी घडत गेली आणि रोगाचे नाव कळणे व रोग बरा होणे यांमध्ये तीन दशकांहून मोठी दरी कशी राहिली, याचा हा इतिहास.

३/२८
रक्ताकडे पाहून रोग ओळखण्याची इच्छा प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. युरोपात शतकानुशतके ज्वरावर रक्तमोक्षण केले जाई. काढलेले रक्त भांड्यात गोठले की वैद्य ते निरखीत. गोठ्यावर फिकट पिवळसर थर आला तर अंगात दाह आहे असे मानत. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. दाह असताना तांबड्या पेशी लवकर खाली बसतात, म्हणून तो थर दिसतो. पण दाह कशामुळे झाला, हे तो थर सांगू शकत नसे.

४/२८
मार्च १८४७, व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला लागली. जखम किरकोळ होती, तरी ते काही दिवसांत दगावले. त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल वाचताना इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की सूतिकाज्वराने दगावणाऱ्या बाळंतिणींच्या शरीरातही हेच बदल आढळतात. म्हणजे दोन्हींचे कारण एकच असले पाहिजे.

५/२८
शवागारातून थेट प्रसूतिकक्षात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये त्या कक्षातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. हातावरून काहीतरी शरीरात जाते आणि रक्त दूषित करते, हे आकड्यांनी दाखवले. ते 'काहीतरी' मात्र अजून कोणी पाहिले नव्हते.

६/२८
जनावरांच्या बाबतीत ते आधी दिसले. फ्रान्समध्ये काझिमिर दाव्हेन यांनी फाशी या रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेल्या मेंढ्यांच्या रक्तात सूक्ष्म काड्या पाहिल्या होत्या. या काड्या रोगाचा परिणाम आहेत की कारण, हा वाद बराच काळ चालला. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्या शरीराबाहेर वाढवून, त्यांचे जीवनचक्र उलगडून वादाचा निकाल लावला.

७/२८
मार्च १८७९. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराच्या कारणांवर व्याख्यान सुरू होते. लुई पाश्चर यांनी वक्त्याला मध्येच थांबवले आणि फळ्यावर मण्यांच्या माळेसारखी आकृती काढून दाखवली. आजारी बाळंतिणींच्या नमुन्यांत, रक्तातही, त्यांना हे साखळीने वाढणारे जिवाणू सापडले होते. सेमेलवाइस यांच्या 'काहीतरी'ला अखेर रूप मिळाले. सेमेलवाइस मात्र १८६५ मध्येच निवर्तले होते.

८/२८
मग प्रत्येक तापकऱ्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की काम झाले असते का? मलेरियात तसे होते. १८८० मध्ये अल्जीरियात आल्फाँस लाव्हराँ यांना सैनिकाच्या रक्ताच्या थेंबातच परजीवी दिसले. जिवाणूंचे तसे नसते. रुग्ण मरणाच्या दारात असला तरी एक मिलिलिटर रक्तात जेमतेम एखादा जिवंत जिवाणू असू शकतो. एका थेंबात तो नेमका सापडणे जवळजवळ अशक्य.

९/२८
म्हणून उपाय एकच : रक्त पुरेसे घ्यायचे, जिवाणूंना आवडेल अशा अन्नात सोडायचे, शरीराइतकी ऊब द्यायची आणि थांबायचे. एकाचे लाखो झाले की ते आपोआप दिसतात. 'कल्चर' या शब्दाचा मूळ अर्थ मशागत असाच आहे. बी शोधता येत नसेल तर ते पेरावे आणि उगवलेल्या रोपावरून ओळखावे, असा हा शेतकरी न्याय होय.

१०/२८
या शेतीची माती एका स्वयंपाकघरातून आली. सुरुवातीला घट्ट माध्यम म्हणून जिलेटिन वापरत. पण ते उबेत वितळे आणि काही जिवाणू तर ते खाऊनच टाकत. कॉख यांच्या प्रयोगशाळेतील वाल्टर हेस्से यांच्या पत्नी फॅनी हेस्से यांनी अगार सुचवला. उन्हाळ्यातही न वितळणारी जेली करण्याची ही युक्ती त्यांना जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळली होती. कॉख यांनी १८८२ मध्ये अगारचा उल्लेख केला, फॅनी यांचा नाही.

११/२८
१८८७ मध्ये युलियुस पेट्री यांची झाकणाची बशी आली. १८९० च्या दशकात उकळून निर्जंतुक करता येणारी, संपूर्ण काचेची सिरिंज आली. आता बोटाला टोचून थेंब पिळण्याऐवजी थेट शिरेतून स्वच्छ रक्त घेता येऊ लागले. हा बदल क्षुल्लक वाटला तरी निर्णायक होता. कारण माणसाच्या त्वचेवरही जिवाणू राहतात, आणि तेही तितक्याच आनंदाने उगवतात.

१२/२८
ही चूक किती महागात पडू शकते, हे १८९४ मध्ये हाँगकाँगला दिसले. प्लेगचा जंतू शोधण्यासाठी शिबासाबुरो कितासातो आणि अलेक्झांडर येर्सिन तेथे पोहोचले होते. कितासातो यांनी रक्ताच्या तपासणीवर भर दिला. येर्सिन यांनी प्लेगच्या गाठीतील द्रव घेतला. कितासातो यांची घोषणा आधी झाली, पण त्यांच्या वर्णनांत विसंगती होत्या. त्यांच्या नमुन्यांत दुसरा जिवाणू मिसळला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. जंतूला आज येर्सिन यांचे नाव आहे.

१३/२८
दोन वर्षांनी हाच प्लेग मुंबईत मांडवीला प्रकट झाला. त्याच १८९६ साली पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी विषमज्वराची म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी मांडली. महाराष्ट्रात आजही घरोघरी माहीत असलेली 'विडाल' ती हीच. पण ती जंतूला पकडत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. चोराऐवजी चोराविरुद्ध ठेवलेला पहारा पाहण्यासारखे हे आहे. चोर जुना असला तरी पहारा कायम असू शकतो.

१४/२८
जंतूलाच रक्तातून वाढवण्याचे काम जर्मनीत हँबर्गचे ह्यूगो शोटम्युलर यांनी पुढे नेले. १९०० मध्ये त्यांनी टायफॉइडसारख्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा जिवाणू मिळवला आणि पॅराटायफॉइड हा स्वतंत्र रोग ठरला. १९०३ मध्ये त्यांनी अगारमध्ये रक्त मिसळून मालागोलाणूंचे, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसचे, प्रकार वेगळे केले. काहींच्या भोवती रक्त पूर्ण विरघळून स्वच्छ वर्तुळ पडे. काहींच्या भोवती हिरवट छटा येई.

१५/२८
त्या हिरवट छटेवरून एका गटाला 'व्हिरिडान्स' हे नाव पडले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हिरवा होणारा. हे जिवाणू प्रत्येक निरोगी माणसाच्या तोंडात असतात. दात घासताना किंवा दात काढताना ते क्षणभर रक्तात जातात आणि बहुधा लगेच नष्ट होतात. पण हृदयाची झडप आधीच खराब असेल तर ते तिच्या खडबडीत पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि सावकाश वाढू लागतात.

१६/२८
लहानपणी घसा दुखून नंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा अशा खराब होत. पुढे अनेक वर्षांनी त्यांवर जिवाणू बसत. बारीक ताप, थकवा, कातडीवर रक्ताचे ठिपके, वाढलेली प्लीहा, आणि काही महिन्यांत मृत्यू. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत हृदयाच्या या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तरीही अशा रुग्णांच्या माथी बरेचदा मलेरिया, टायफॉइड किंवा क्षय यांचे शिक्के बसत.

१७/२८
१९०९ आणि १९१० ही वर्षे या रोगाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. इंग्लंडमध्ये ऑस्लर व थॉमस होर्डर, हँबर्गला शोटम्युलर आणि न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात इमॅन्युएल लिबमन यांनी आपापली निरीक्षणे प्रसिद्ध केली. जिवंत रुग्णाच्या रक्तातून तोच जिवाणू पुन्हा पुन्हा उगवत होता. शवविच्छेदनाच्या टेबलावर कळणारी गोष्ट आता रुग्णाच्या खाटेपाशीच कळू लागली.

१८/२८
माहलर यांची झडप खराब असल्याचे १९०७ मध्येच कळले होते. त्या जुलैत त्यांची थोरली मुलगी मारिया, वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच, संसर्गाने दगावली. त्याच शोकाच्या दिवसांत घरी आलेल्या डॉक्टरांनी माहलर यांचे हृदय तपासले आणि दोष सांगितला. डोंगर चढणे, पोहणे, लांब फेरफटके या त्यांच्या आवडींवर बंधने आली. तरीही ते न्यूयॉर्कला गेले आणि पूर्ण जोमाने काम करत राहिले.

१९/२८
फेब्रुवारी १९११ मध्ये ताप हटेना, तेव्हा त्यांचे डॉक्टर जोसेफ फ्रेन्केल यांनी लिबमन यांना बोलावले. माहलर दांपत्य सॅव्हॉय हॉटेलात उतरले होते. लिबमन यांना हृदयाचा विशिष्ट ध्वनी, हाताला लागणारी प्लीहा, डोळ्यांच्या बाहेरील पातळ श्लेष्मल आवरणावर व कातडीवर रक्ताचे ठिपके आढळले. निदान त्यांच्या मनात झाले होते. तरीही त्यांनी दूरध्वनी करून आपले तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांना साहित्य घेऊन यायला सांगितले.

२०/२८
पुढचा वृत्तान्त बेअर यांनी अनेक दशकांनंतर एका पत्रात लिहून ठेवला. त्यांनी हॉटेलच्या खोलीतच शिरेतून रक्त काढले. काही भाग पोषक रस्सा भरलेल्या बाटल्यांत सोडला. उरलेले रक्त वितळलेल्या अगारमध्ये मिसळून पेट्रीच्या बशांत ओतले. हे सारे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उबेत ठेवण्यात आले. चार-पाच दिवसांनी बशांत जिवाणूंच्या अनेक वसाहती उठल्या. सर्व बाटल्यांत एकच जिवाणू होता : व्हिरिडान्स.

२१/२८
बाटल्या आणि बशा अनेक का? त्वचेवरचा एखादा जंतू चुकून एका बाटलीत जाऊ शकतो; सगळीकडे तोच, आणि फक्त तोच, उगवला तर ती चूक नव्हे. हॉटेलच्या खोलीत वापरलेला हा तर्क आजही तसाच चालतो. दोन वेगळ्या जागी सुई टोचून नमुने घेतात ते यासाठीच. निकाल निःसंशय होता आणि उपाय काहीही नव्हता. माहलर यांनी खरे काय ते सांगण्याचा आग्रह धरला. ते कळल्यावर व्हिएन्नात मरण यावे अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

२२/२८
एप्रिलमध्ये त्यांना जहाजाने युरोपात नेण्यात आले. पॅरिसमध्ये पाश्चर परंपरेतील जीवाणुशास्त्रज्ञ आंद्रे शाँतमेस यांनी पुन्हा कल्चर केले. पत्नी आल्मा यांच्या आठवणींनुसार, शाँतमेस स्वतः सूक्ष्मदर्शक घेऊन आले आणि जिवाणूंच्या सुरेख वाढलेल्या माळा पाहण्यासाठी त्यांना उत्साहाने बोलावू लागले. आल्मा भीतीने सुन्न झाल्या होत्या. आल्मा यांच्या आठवणी अभ्यासक जपून वापरतात. तरी हे दृश्य एका काळाची मनोवृत्ती सांगून जाते.

२३/२८
१८ मे १९११ रोजी माहलर व्हिएन्नात निवर्तले. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत मुलीजवळच त्यांना विसावा मिळाला. मग त्या तपासणीने काय साधले? प्राण वाचले नाहीत, हे खरे. पण खोटी नावे गळून पडली. निरर्थक आशेवर परक्या शहरात पडून राहण्याऐवजी एका माणसाला आपले मरण कोठे यावे हे ठरवता आले. उपचाराविना निदान हे निरुपयोगी असते, असे म्हणणाऱ्यांनी ही बाजूही मोजावी.

२४/२८
दुसरे फळ उशिरा मिळाले. औषध आले तेव्हा ते खरोखर काम करते का, हे मोजण्याचे साधन तयार होते. १९३६ मध्ये लंडनला लेनर्ड कोलब्रुक यांनी नव्या सल्फा औषधाने सूतिकाज्वराच्या रुग्णांवर उपचार केले आणि मृत्यू स्पष्टपणे घटले. ज्या रोगापासून सेमेलवाइस यांनी सुरुवात केली होती, त्यावर ८९ वर्षांनी औषध मिळाले.

२५/२८
फेब्रुवारी १९४१, ऑक्सफर्ड. रक्तात संसर्ग पसरलेल्या अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. प्रकृती झपाट्याने सुधारली. औषध इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते परत मिळवून वापरले गेले. तरीही साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला. वर्षभराने, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेत न्यू हेवन येथे अ‍ॅन मिलर यांना ते मिळाले. गर्भपातानंतर त्यांच्या रक्तात मालागोलाणू शिरले होते. ताप एका रात्रीत उतरला. त्या नव्वद वर्षे जगल्या.

२६/२८
माहलर यांच्या रोगाने मात्र पेनिसिलिनलाही प्रथम दाद दिली नाही. युद्धकाळात औषध तुटपुंजे होते. थोड्या मात्रेने गुण येत नाही म्हणून या रोगासाठी ते वापरण्यावर अमेरिकेत निर्बंध आले. ब्रुकलिनच्या लिओ लोवी यांनी फायझर कंपनीकडून औषध मिळवून मोठ्या मात्रा दिल्या आणि १९४४ मध्ये लागोपाठ सात यशस्वी रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जिवाणूंनी भरून जाणाऱ्या बाटल्या आता स्वच्छ राहू लागल्या. माहलर यांना जाऊन तेहतीस वर्षे झाली होती.

२७/२८
त्यानंतर कल्चरचा अर्थच बदलला. तो मृत्युलेख राहिला नाही, उपचाराचा नकाशा झाला. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९७० च्या दशकापासून बाटलीतील जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यंत्रे टिपू लागली. आता अहवालात जंतूच्या नावाखाली औषधांची यादी असते : कोणते चालेल, कोणते चालणार नाही. पण अँटिबायोटिक आधीच पोटात गेले असेल तर बाटली रिकामी राहू शकते. म्हणून शक्य तेथे रक्त आधी, औषध नंतर.

२८/२८
या यादीत 'चालणार नाही' हा शेरा आज वाढत चालला आहे. काही अहवालांत तो जवळजवळ प्रत्येक औषधापुढे असतो. जंतूचे नाव बिनचूक ठाऊक आहे, आणि देण्यासारखे फारसे काही हाती नाही. ही परिस्थिती नवी नाही. फेब्रुवारी १९११ मध्ये सॅव्हॉय हॉटेलात रक्त काढून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना ती चांगलीच परिचित होती.
(समाप्त)